सत्यभामाकाकी विचारायची थांबली

कॉम्प्युटरमधल्या सत्यभामाकाकीने मला पुन्हा विचारलं, "केन्ना आयलो?" म्हणजे, कधी आलास? मी चिंचेला वळसा घालून परत तिच्या दारात आलो होतो, एवढंच.

म्हापशातल्या आमच्या छोट्या ऑफिसात व्हर्च्युअल मये गाव तयार होत होतं. परदेशी गेलेल्या गोंयकाराने स्क्रीनवर गावात फिरावं, गावच्या माणसांनी त्याच्याशी बोलावं, ही क्लायंट शेट्येंची कल्पना. ते स्वतः मयेचे. शुक्रवारी डेमो होता. तो पडला तर ऑफिसला कुलूप, असं आमच्या बॉस नाईक मॅडमनी शांतपणे सांगून ठेवलं होतं.

अशा कॅरेक्टरला डोळे नसतात. त्याच्यापुढे सुपासारखा एक भाग आखतात. त्यात जे येईल ते त्याला 'दिसतं'. दिसलेलं साठवायला मेमरी. माणूस नजरेआड झाला की काकीची मेमरी पुसली जायची, म्हणून ती सारखं तेच विचारायची. मॅडम म्हणाल्या, हा बग आहे, प्रोग्राममधली चूक. झालं, मला चेव आला. एकदा पाहिलेला माणूस काकी जन्मात विसरणार नाही आणि माहीत असलेलं पुन्हा विचारणार नाही, अशी व्यवस्था केली. मग डेमोपर्यंत कॉलर ताठ.

डेमोत शेट्ये चिंचेला वळसा घालून परत आले. काकीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि ती गप्प बसली. शेट्येंचा माऊसवरचा हात थांबला.

"हिचें आनी म्हजें झगडें जालां?"

"नाही सर, तुम्ही कधी आलात ते तिला आठवतंय."

"आठवतं सगळ्यांनाच रे. तरी विचारतात. नाही विचारलं म्हणजे बोलणं तुटलं. माझा लंडनचा भाऊ असल्या गावात कशाला येईल?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी कीबोर्डकडे. मेली लाज वाटली. पार्से गावात वाढलेला मी, आणि मला हे दुसऱ्याने सांगावं. काकीची मेमरी तशीच ठेवली आणि गप्प बसायची अट तिथल्या तिथे काढून टाकली. म्हणजे वरून पाहिलं तर बग परत घातला.

काकीने विचारलं, "केन्ना आयलो?"

"आत्तांच गे," शेट्ये स्क्रीनला म्हणाले. मग हसले, आणि काम पुढे चालू ठेवा म्हणाले.

संध्याकाळी पार्सेला घरी पोचलो. आईने मला बसमधून उतरताना पाहिलं. फाटक तिनेच उघडलं. हातातली पिशवी घेतली आणि मग विचारलं, "आयलो?"

तेव्हापासून कुठलाही बग काढण्याआधी मी एकदा घरी जाऊन येतो.