बिनकामाचं बोलणं

नवरा आपलं ऐकत नाही ही तक्रार घरोघरची, त्यामुळे माझी कोणी मनावर घेतली नाही. धाकटी जाऊ तर हसलीच. "आमचे तरी कुठं आयकतात, बाई!" म्हणाली. त्यानंतर मी सांगणंच सोडलं.

तसं पाहिलं तर कामाचं सगळं यांच्यापर्यंत पोचत होतं. जेवायला चला, गोळी घेतली का, गॅसवाला आलाय. मी ओरडायचे, हे मान हलवायचे. गेलं ते दुसरंच. काटोलला यांचा संत्र्यांचा व्यापार होता तेव्हा लिलाव आटोपून घरी आले की चहा पिता पिता आमच्या गप्पा चालायच्या. कोणत्या बागाईतदाराची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या लग्नात वरमाय रुसली, शेजारणीच्या कुरडया यंदा काळ्या कशा पडल्या. यातलं एक वाक्य तरी ओरडून सांगण्याच्या लायकीचं आहे का? कुचाळकी ही हळू आवाजातच करायची गोष्ट. ओरडून केली की ते भांडण होतं. धंदा आवरून आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहायला आलो, हळूहळू यांचे कान गेले, आणि माझ्याकडे फक्त कामाची वाक्यं उरली.

समोर बसलेल्या माणसाची आठवण येते असं सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. पण यायची. चहाचा कप त्यांच्या हातात देताना तर फारच यायची.

कानाचं मशीन नव्हतं असं नाही. एका ठिकाणी कान तपासून ते घेतलं होतं, आणि आठवड्याच्या आत कपाटातही गेलं होतं. फोडणी दिली की कानात चरचर, भांडं पडलं की डोकं भणभण. "माणसं आयकू येऊन नाही राहिली, नुसते भांडे आयकू येऊन राहिले," असं म्हणून यांनी ते उतरवलं ते उतरवलंच. शेवटी मुलगी फोनवरून हात धुऊन मागे लागली, म्हणून आम्ही रामदासपेठेतल्या एका ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. मी मात्र मनातून आशा सोडली होती.

ती आमच्या मुलीच्याच वयाची. जुने कागद तिनं बाजूला ठेवले आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. यांना आवाजबंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. मी बाहेर तिच्या शेजारी बसून काचेतून बघत होते. ती आवाज वाढवत जायची आणि हे ढिम्म. ताठ बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. बऱ्याच वेळानं एकदाचं बटण दाबायचे.

मग तिनं दुसरी तपासणी घेतली. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला आणि माइकवरून हळू आवाजात एकेक साधा शब्द म्हणत गेली. यांनी तो परत म्हणायचा. यांनी बरेचसे बरोबर म्हटले. तिच्या कपाळावर आठी आली.

"काकू, हे जुळत नाहीये. पहिल्या तपासणीतला आवाज खूप मोठा केल्यावरच काका बटण दाबतात. पण माझे शब्द त्याहून कितीतरी हळू आवाजात त्यांना कळले. असं व्हायला नको."

मी पुन्हा काचेतून पाहिलं, आणि तो चेहरा ओळखला. काटोलला आमचं घर बाजाराला लागून होतं, गच्चीवरून लिलाव दिसायचा. संत्र्यांचे ढीग, भोवती व्यापाऱ्यांचा कल्ला, आणि त्यात हे अगदी असेच उभे. जणू त्या ढिगाशी यांचं काही देणंघेणं नाही. बोलीच्या पहिल्या हाकेला हलायचे नाहीत, दुसरीलाही नाही. मला तेव्हा त्या चेहऱ्याचा केवढा अभिमान वाटायचा!

"दार उघडा मॅडम," मी म्हटलं. "ते लिलावात उभे आहेत."

तिला कळलं नाही. तिनं आत जाऊन यांनाच विचारलं, बारीक आवाज येत होता का?

"येत होता न," हे म्हणाले. "पण कच्चा होता. पहिल्याच हाकेले हात वर केला तं माल अंगावर येते. पक्का झाला, मंग दाबलं."

ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. मागची तपासणीही अशीच झाली असणार, मशीन त्याच हिशेबानं लावलेलं, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजाचं, असं म्हणाली. "काका, इथं माल घ्यायचा नाहीये. नुसती शंका आली तरी दाबा. चुकलं तर चुकलं."

जन्मभर व्यापार केलेल्या माणसाला असं सांगायचं! दुसऱ्या खेपेला हे चोरी केल्यासारखं बटण दाबत होते. आत कोणता आवाज चालू आहे ते मला ऐकू येत नव्हतं, पण यांचा अंगठा हलला की मला भरून यायचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जवळ होते.

तिनं खोटी आशा लावली नाही. ऐकू येणं कमी झालंय ते खरंच, ते परत येणार नाही, लग्नाच्या मांडवात त्रास होणारच. पण मशीन आता बेतानं लावलंय, रोज घालायचं, सवय होईल. मग माझ्याकडे वळली. स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत, समोर येऊन बसायचं, ओरडायचं नाही, आणि बोलताना कूलर बंद करायचा.

"नागपुरात? मे महिन्यात?"

"निदान चहापुरता."

पहिले काही दिवस यांनी कुरकुर केली, मग सवय झाली. एका संध्याकाळी मी चहा केला, मशीन कानात आहे हे बघून घेतलं आणि कूलर बंद केला. एकदम एवढी शांतता झाली की मीच बावरले. दोन मिनिटांत खोली तापली. हे बनियनवर माझ्यासमोर बसलेले, घामानं निथळत, माझ्या तोंडाकडे बघत. इतक्या वर्षांत मनातल्या मनात यांना किती काय काय सांगितलं होतं मी! त्यातलं एकही आठवेना. अहो म्हणायला तोंड उघडलं तर तेही सवयीनं ओरडूनच बाहेर आलं.

"ओरडते काहून वं? इथंच तं आहो मी. बोल न."

"काय बोलू?" मी आवाज खाली आणला. माझाच तो आवाज मला अनोळखी वाटला. "तसं काही नाही."

यांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"मंग थे काही नाहीच सांग," म्हणाले. "लय वर्षं झाले आयकून."