पन्नासातला एक खरा फॉर्म

भूगोलात एम.ए. केलंय असं सांगितलं की लोक मला देशांच्या राजधान्या विचारतात. मी सांगते. निदान तेवढं तरी येतं. त्या दोन वर्षांत बाकी काय शिकले ते आठवलं की मला आमच्या विभागाची किळस येते, आणि लगोलग स्वतःची.

मी खामगावहून रोज एसटीने कॉलेजला जायची. विभागात जमिनीचे चढउतार मोजायचं एक यंत्र होतं, पेटीत कुलूपबंद. मोडेल म्हणून ते कधी बाहेर काढलं नाही. नकाशे आम्ही खिडकीत काढायचो, म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांची प्रात्यक्षिक वही काचेवर धरायची, वर आपला कागद लावायचा आणि रेषा गिरवायच्या. कधीतरी कुणीतरी एका नकाशात नदी डोंगरावर चढवली होती. ती बिचारी दरवर्षी चढत होती. मला ते कळत होतं, तरी मीही चढवली. दहापैकी नऊ मिळाले. सर म्हणाले, अक्षर सुरेख आहे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका गावाचा अभ्यास करून प्रबंध द्यायचा होता. गावात जायचं, घरोघर फिरून पन्नास फॉर्म भरायचे, माणसं, गुरं, शेती, पाणी सगळं लिहून घ्यायचं. त्यासाठी सगळा वर्ग एकाच दिवशी एकाच गावात नेत. गाव वडनेर भोलजीहून पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. ऐपत असलेली घरं वडनेरहून फिल्टरच्या पाण्याच्या कॅन आणायची.

आम्ही पोचलो ते थेट एका शेतात. गोवऱ्या पेटलेल्या होत्या, त्यात भाजायचे कणकेचे रोडगे वळून झाले होते, वांगी चिरून ठेवलेली होती. विभागात या सहलीला सर्वेक्षण कुणी म्हणतच नसे, रोडगे म्हणत. ‘यंदा रोडगे कुठं?’ एवढंच विचारायचे.

निंबाखाली चादर टाकून सर बसले. दोनचार मुलं गावाकडे निघाली तर सरांनी हाक मारली, "काऊन बे, उन्हात मरता का? बसा इथंच. गावं काय, सारी सारखीच असतात."

मग निंबाखाली गाव तयार झालं. कुणाच्या घरात पाच माणसं, कुणाच्या सात. माझी मैत्रीण प्रत्येक घराला एक म्हैस देत होती. तिला म्हशी आवडतात. मी पण एकोणपन्नास घरं तिथंच बसून भरली. हसत हसत भरली, हे सांगायला हवं. पन्नासावा फॉर्म उरला तेव्हा पाय मोकळे करायला म्हणून उठले आणि गावातल्या पहिल्या घरात शिरले.

ओसरीवर एक बाई तूर पाखडत होती. पन्नाशीची असेल. फॉर्म बघून म्हणाली, "घरकुलाचं असंल तर बाजूले जाय. आमचं झालं."

मी कॉलेजची आहे म्हटल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. विचारलं ते सगळं सांगितलं. मोबाइल नंबरसुद्धा दिला, त्याचा रकाना होता. मग अंगणातल्या बोअरकडे हात केला. "मले दुसरं काई नोको बाई. हे बोर नवं मारलं. पानी गोड लागते. पन सून म्हनते, आधी तपासून घ्या, घरात तान्हं लेकरू हाये. तू शिकेल हाये. एवढं पाहून सांगजो."

मी बाटली भरून घेतली. बाई म्हणाली तशी खरंच मी शिकलेली आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ती बाटली सरकारी प्रयोगशाळेत नेऊन दिली. काही दिवसांनी कागद मिळाला. चवीला गोड असलेल्या त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. खाली शिक्का होता, पिण्यास अयोग्य. तान्ह्या बाळांना तर हे पाणी देऊच नये, असं तिथल्या माणसाने तोंडी बजावून सांगितलं.

कागद घेऊन मी नाचतच सरांकडे गेले. माझ्या प्रबंधात काहीतरी खरं येणार होतं.

सरांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू पण पाहिली. "कोणी सांगितलं होतं हे करायले? प्रबंध टायपिंगवाल्याकडं तयार हाये. त्याले गावाचं नाव दे फक्त."

टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या विभागाचे सगळे जुने प्रबंध होते. तो जुन्या गावाचं नाव काढून नवं टाकायचा, की झाला प्रबंध. माझ्या प्रबंधात त्या सपाट, काळ्या मातीच्या गावाला उत्तरेला घाट होता आणि पायथ्याशी सागाचं जंगल. आणि निष्कर्षात लिहिलं होतं, गावातील भूजलाची गुणवत्ता समाधानकारक आढळली. मी ते वाचलं. वाचून सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक काजूकतली खात होते. प्रबंधाची बांधणी त्यांनी हाताने चाचपून पाहिली, लग्न ठरलंय का विचारलं आणि जा म्हणाले. मला पहिला वर्ग मिळाला.

आणि बाईला सांगायचं? सांगणार होतेच की. परीक्षा झाल्यावर, निकाल लागल्यावर, दिवाळीनंतर. तिचा नंबर फॉर्मवर होता आणि फॉर्मांचा गठ्ठा विभागाच्या कपाटावर होता. खुर्चीवर चढून हात लांब केला असता तर झालं असतं. पण तिला फोन करायचा म्हणजे मी सही कशावर केली ते स्वतःशी कबूल करायचं. मला ते नको होतं. प्रयोगशाळेचा कागद मी पुस्तकात घातला आणि पुस्तक माळ्यावर टाकलं.

पुढच्या वर्षी त्याच विभागात मी तासिकेवर शिकवायला लागले. पहिल्या वर्षीचे रोडगे दुसऱ्या गावाला झाले. दुसऱ्या वर्षी सरांनी पुन्हा त्या बाईच्याच गावाचं नाव काढलं. नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. मुलं निंबाखाली बसली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, घरोघरी जायचं ना?" मी काय म्हणाले असेन? ऊन फार आहे, म्हणाले. माझ्या तोंडातून सरच बोलले. तशीच उठले आणि गावातल्या त्या पहिल्या घराकडे गेले.

बाईने लगेच ओळखलं. "ये ना व माय! किती दिसानं आली." आत हाक मारली, "सूनबाई, पानी आन. पानी तपासनारी पोरगी आली."

सुनेने स्टीलचा पेला आणला. मागोमाग दोनअडीच वर्षांचं पोरगं आलं, हातात त्याचा छोटा पेला, भरलेला. ते पायरीवर बसून पिऊ लागलं.

"तू गेली ते आलीच नाई," बाई हसून सांगत होती. "मंग मीच सुनेले म्हनलं, वाईट असतं तं ते पोरगी पयत आली असती. शिकेल पोरगी हाये. आली नाई म्हनजे पानी चांगलं हाये. कॅन बंद केली. आता आमच्या आळीतले सारेच इथून नेतात."

माझ्या हातातला पेला गार होता. तहानही लागली होती. मी तो ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला.

बाईचं हसू थांबलं. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काऊन, पेत काऊन नाई?"

मी पायरीवरच्या पोराच्या पेल्याकडे पाहिलं. ती उठली. माझ्या हातातला पेला तिने घेतला नाही. आधी पायरीवरच्या नातवाच्या हातातला ओढून घेतला. ते भोकाड पसरून रडायला लागलं.

"हे तुले कवा समजलं?" तिने विचारलं.

काल, असं म्हणता आलं असतं. माझ्यासारखीला ते जड नव्हतं.

"तवाच," मी म्हणाले.