पौषातली उन्हाळी

वळसंगची चंद्रव्वा सकाळच्या एसटीनं सोलापुरात येते आणि बाजाराच्या बोळात पोतं अंथरते. सब्जा, धणे, वाळा, गोखरू. वाळ्याच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं की असा गार वास पसरतो, की येणारी-जाणारी माणसं झोपेत चालल्यागत हळू होतात. इकडं लघवीला जळजळ झाली तर कुणी आजार म्हणत नाही, 'उन्हाळी लागली' म्हणतं. चंद्रव्वा मूठभर सब्जा देते. "भिजवून पी. आग पाण्यासंगं वाहून जाती बघ." तीस वर्षं वाहून जातच आलीय.

सुनेला, राजनंदिनीला, उन्हाळी लागली ती मात्र पौषात. माळावर धुकं तरंगत होतं, चूल सोडवत नव्हती, आणि पोरगी मोरीतून ओठ चावत बाहेर यायची. धण्याच्या पाण्यानं चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा आग. अंगावरून पिवळट जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. लग्नाला दोन वर्षं झालेली, पाळणा हलला नव्हता. वांझ ठरवून तिला माहेरी धाडायची भाषा भावकीत सुरू झाली होती.

"आत्ती, थंडीत उन्हाळी लागती का वो?" राजनंदिनीनं सासूला विचारलं.

चंद्रव्वाचा हात भांड्यातच राहिला. फुगलेला सब्जा बोटांभोवती चांदण्यांसारखा फिरत होता. हा सवाल तिला कुणी केलाच नव्हता.

चंद्रव्वा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं झीनत सिस्टरनं दार लावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं. मग राजनंदिनीची परवानगी घेऊन सिस्टरनं सासूला आत बोलावलं आणि दोन करडी पाकिटं पुढं ठेवली.

"अम्मा, ही उन्हाळी न्हाय. नवरा-बायकोच्या संबंधातनं लागनारा आजार हाय. राहू दिला तर वर गर्भाशयाकडं चढतो, मूल ऱ्हायला अडचण येते. गोळ्यांनी बरा होतो. पन एक पाकीट हिचं, एक नवऱ्याचं. हिनं एकटीनं घेतलं तर त्याच्याकडनं परत लागनार."

"आन माजा सब्जा?"

"प्या की. पोट थंड ऱ्हाईल. जंतू काय त्यात बुडत न्हाईत."

राजनंदिनीनं तिथंच गोळ्या घेतल्या. दुसरं पाकीट चंद्रव्वानं पदराच्या गाठीला बांधलं.

लेक महादेवप्पा बोअर पाडायच्या गाडीवर कामाला. महिना-महिना परमुलखात. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, ऐकलं आणि हसला.

"मला कुटं आग होतीया? उष्णता हाय अव्वा. हिला सब्जा दे की, साऱ्या सोलापूरला देतीस!"

'व्हय' म्हणणं सोपं होतं. लेकाची अब्रू राहिली असती, पोत्याचीही. उंबऱ्यात राजनंदिनी श्वास धरून उभी होती. कोवळ्या उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगत होती, आणि चंद्रव्वाला वाटलं, आपण बोलेपर्यंत ती खाली बसणारच नाही.

"माजा सब्जा हितं हरला, बाबा," ती पदराची गाठ सोडत म्हणाली. "आग न होताबी आजार अंगात असतुया. कुटं गेलतास ते मी इचारत न्हाय. तुजी बायको इचारंल, तिला खरं सांग. आदी ह्या गिळ. उद्या जाऊन रक्त दे."

त्यानं तांब्या ओढला, गोळ्या हातावर घेतल्या. मग गिळल्या.

"आता सात दिवस लांब," म्हणत चंद्रव्वानं आपली वाकळ दोघांच्या मधोमध टाकली.

"अव्वा, तू घोरतीस!"

"मग कान झाक."

राजनंदिनी पदराआड हसली. किती दिवसांनी!

पंधरवड्यात तिची आग गेली, पोट शांत झालं. दोघांच्या रक्तात दुसरा कुठला आजारही निघाला नाही. गाडीवर निघताना महादेवप्पाला उशाखाली निरोधची पाकिटं दिसली.

"आता ह्ये कशाला? पाळना हलवायचा न्हाय व्हय?"

"हलवायचा हाय की," राजनंदिनी त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "पन परत आलास की आदी सिस्टरकडं जा, तपासून घे. तवर ह्येच. पाळन्याचं मी सांगीन तवा."

तो मान खाली घालून चपला शोधू लागला.