फळीवरचा रुपया

गणूशेट हलवाई आमच्या साडूंना बसल्या जागेवरून उठून नमस्कार करीत असे आणि मला "जरा पुढे सरका" म्हणत असे. यात काय एवढे मोठे, असे ज्याला वाटेल त्याला साडू नसावा.

विनायकराव, म्हणजे हे साडू, माझ्या मधल्या मेहुणीचे यजमान. कल्याणच्या स्टेशनात मालधक्क्यावर त्यांची नोकरी. अंगात बटणांचा कोट, बोलणे गोड, हसणे त्याहून गोड. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून आणि घरचा थोरला जावई. थोरल्या जावयाला मान असतो असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तो मान मला दोन वर्षे दिलाही. मग धाकटे जावई आले. त्यानंतर सासुरवाडीला पाटावर बसलो की तूप आधी त्यांच्या भातावर पडू लागले. (वाढणाऱ्याच्या हाताचा दोष असेल म्हणून मी जागा बदलून पाहिली. तूपही जागा बदलून गेले.)

एके दिवशी आप्पांनी आम्हा दोघांना पेढे आणायला पाठवले. गणूशेटचे दुकान म्हणजे पुढे एक रुंद फळी. फळीच्या आत गणूशेट, तागडी आणि पेढ्यांची परात. बाहेर उभे आपण. विनायकरावांनी पेढे घेतले, पैसे चुकते केले आणि पुडा बगलेत मारल्यावर खिशातून अर्धा आणा काढून तो निराळाच फळीवर ठेवला. "असू द्या," म्हणाले आणि चालू लागले. गणूशेट उठून उभा राहिला. माणूस एवढा जाडा असून उठू शकतो हे मला त्या दिवशी कळले.

वाटेत मी विचारले, "हा अर्धा आणा कशाचा?"

"काही नाही हो अण्णा. दिवसभर चुलीपाशी भाजून निघतो बिचारा."

घरी पोचेपर्यंत ही बातमी आप्पांना कशी कळली, देव जाणे. माझ्या समोर ते म्हणाले, "माणसाचं मन मोठं लागतं." म्हणताना माझ्याकडे पाहायची काही गरज नव्हती.

त्या रात्री मी आमच्या मंडळींना माझे म्हणणे सविस्तर समजावून दिले. दिवाळीचे पोस्त द्यावे ते आपल्या दारी येणाऱ्याला. टपालवाला उन्हातून चालत येतो, न्हावी धोकटी घेऊन येतो, त्यांना खुशाली दिली तर शोभते. पण हलवाई आपली जागा सोडत नाही. चालत जायचे आपण, उभे राहायचे आपण, पुडा उचलून आणायचा आपण. मग वर पैसे कुणी कुणाला द्यायचे? न्यायाने पाहिले तर त्यानेच आपल्याला काहीतरी द्यायला हवे!

मंडळी वाती वळत होत्या. "तुम्ही कुठं देताय?" एवढेच म्हणाल्या.

हे सगळे मी गिळलेही असते, पण यमूचे लग्न आडवे आले. यमू माझी सर्वांत धाकटी मेहुणी. कल्याणची माणसे रविवारी तिला पाहायला यायची होती. मुलगी पसंत पडली तर याद्या व्हायच्या, आणि याद्यांच्या बैठकीत देण्याघेण्याचे बोलायला आप्पांच्या उजव्या हाताला एक जावई बसायचा. ती जागा माझी. मी आठ दिवस आरशासमोर "आमचं म्हणणं असं की" म्हणून पाहत होतो. गुरुवारी मंडळी माहेराहून परत आल्या आणि माझ्या पगडीवरची धूळ झटकता झटकता म्हणाल्या, "आप्पा म्हणत होते, विनायकरावांना बसवावं का? त्यांच्या शब्दाला बाजारातसुद्धा किंमत आहे म्हणे."

माझ्या पोटात जे दुखू लागले ते ओव्याने थांबणारे नव्हते. बाजारात किंमत! म्हणजे तो अर्धा आणाच की! अर्ध्या आण्यात उजवा हात मिळत असेल, तर एका रुपयात आप्पांच्या मांडीवरच जागा मिळायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परस्पर गणूशेटकडे गेलो. पावशेर पेढे घेतले, पैसे दिले. मग राणीच्या छापाचा एक अख्खा रुपया काढला आणि वाजेल अशा बेताने फळीवर ठेवला. "असू द्या," मी म्हणालो. विनायकरावांच्यापेक्षा माझा आवाज जड निघाला.

गणूशेटने रुपयाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग तो उठला! दोन्ही हात जोडून म्हणाला, "घरी कार्य दिसतंय."

"रविवारी," मी म्हणालो. "कल्याणची मंडळी येताहेत."

"वा वा. घर कुठलं म्हणायचं?"

मोठ्या माणसाचे घर लोक विचारतातच. मी मुद्दाम आप्पांचे घर सांगितले, म्हणजे माझी कीर्ती पोचायची तिथेच परस्पर पोचावी. वर "त्या घरचे आम्ही जावई" हेही सांगितले. नाव सांगायचे मात्र राहिले.

"माणसं किती असतील घरची?"

घरची माणसे सगळी धरून अकरा. पण रुपया ठेवणाऱ्याने अकरा सांगू नये. "साठ-सत्तर सहज," मी म्हणालो.

"आणि आवडीचं काय आपल्याकडे?"

किती अगत्य! विनायकरावांना त्याने कधी आवडनिवड विचारली नव्हती. "बुंदीचे लाडू," मी म्हणालो. "साजूक तुपातले."

"चिंता नको," गणूशेट म्हणाला, आणि चक्क फळी वर उचलून मला पोचवायला बाहेर आला. मी घरी चालत गेलो, पण पाय जमिनीला लागल्याचे आठवत नाही.

रविवारी दुपारी आप्पांच्या ओटीवर कल्याणची माणसे बसली. मुलाचे वडील फार करडे गृहस्थ होते. यमू नमस्कार करून आत गेली आणि ते काही न बोलता सुपारी कातरत राहिले. आप्पांचे सगळे लक्ष त्या अडकित्त्याकडे. पलीकडे दाराआड सासूबाई देवाला काय काय कबूल करीत होत्या ते ओटीवर ऐकू येत होते. अशा वेळी अंगणात चार गडी येऊन उभे राहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर फडके बांधलेली एकेक पाटी.

"ठेवू कुठं?" पुढचा म्हणाला. "शेटनी लाडू धाडलेत. कार्याचे. जावईसायबांनी इसार दिला व्हता ना, रुपया."

विसार! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नसराईत हलवायाच्या फळीवर अख्खा रुपया ठेवून जो काही मागत नाही, तो मोठ्या मागणीचा विसार, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होते. मलाही होते. पण हेव्याने माणूस आधी हुशार होतो आणि मग जे व्हायचे ते होतो.

अडकित्ता थांबला. मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही अजून हो म्हटलेलं नाही, आणि तुमच्याकडे लग्नाचे लाडू येऊन पडले? हा काय दबाव समजायचा?"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "हे कोणत्या जावयाने केलं?" त्यांनी विचारले.

आता मी उठून "मी" म्हणायला हवे होते. मी उठलो नाही. मी फक्त मान वळवून विनायकरावांकडे पाहिले. माझ्याबरोबर ओटीवरच्या सगळ्यांनीच पाहिले. बाजारात किंमत त्यांना होती, लाडू त्यांचेच असणार!

विनायकराव क्षणभर गोंधळले. त्यांनी पाट्यांकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले, दाराआडून दिसणाऱ्या यमूच्या पदराकडे पाहिले. मग मुलाच्या वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "चूक माझ्या पदरात घाला. यमूला पाहिल्यावर कुणी नाही म्हणेल, हे माझ्या मनातच आलं नाही."

मग ते करडे गृहस्थ हसू लागले. हसता हसता त्यांनी पुढच्या पाटीचे फडके सोडले, एक लाडू उचलला आणि अर्धा तोंडात असतानाच म्हणाले, "मेहुणीवर एवढा भरवसा ठेवणारे जावई ज्या घरात, तिथं मुलगा द्यायला काय हरकत?"

आप्पांनी लाडवांचे उरलेले पैसे उभ्या उभ्या आनंदाने पाठवून दिले. सासूबाईंनी विनायकरावांची दृष्ट काढली. आत एक गडी कमी पडला म्हणून पाट्या कोठीत नेऊन ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. याद्यांना आप्पांच्या उजव्या हाताला कोण बसले, हे सांगायला नको. मी पानसुपारीकडे पाहत होतो.

महिनाभर मी सोसले. मग एक दिवस न राहवून आमच्या मंडळींना सगळे खरे सांगून टाकले: रुपया माझा, विसार माझा, लाडूही माझेच.

"अहो, माणसानं जळावं," मंडळी हळूच म्हणाल्या, "पण इतकं?"

मी तडक गणूशेटला साक्षीला गाठले. तोपर्यंत विनायकरावांच्या लाडवांची गोष्ट साऱ्या बाजारात झाली होती आणि ती सांगण्यात गणूशेटच पुढे होता. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना," तो मलाच म्हणाला. "अंगात बटणांचा कोट, हसतमुख चेहरा. रुपया असा ठेवला, की ठेवलेला कळलासुद्धा नाही. जरा पुढे सरका."

यमूला आता दोन मुले आहेत. सासुरवाडीला चार माणसे जमली की ती गोष्ट अजून निघते, आणि दर वेळी तो रुपया ठेवणारा जावई थोडा अधिक थोर झालेला असतो. मी कोपऱ्यात बसून ऐकतो आणि पोटात पुन्हा तेच दुखू लागते. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा हेवा वाटणारच! तो माणूस मीच होतो, हे आताशा माझे मलाही खरे वाटत नाही.