दुखलं-खुपलं तर काय

शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे सुरू केले, तेव्हा आम्ही दोघींनी सगळं ठरवलं होतं. स्वयंपाक माझ्याच ओट्यावर; शेजारच्या आपाकडं चपात्या, माझ्याकडं भाजी-वरण. पीठ कुणी दळून आणायचं, भांडी कुणी घासायची, तिच्या ईदला आणि माझ्या दिवाळीला डबे बंद ठेवायचे, हेसुद्धा. नवरा म्हणाला, "कागदावर लिहून घ्या." आपा हसली. "भाभी, आपण काय परक्या हाय का?"

दीड वर्ष एकही डबा चुकला नाही.

मग एका वैशाखात ती एकाच पायात मोजा घालून यायला लागली.

"आपा, एवढ्या उन्हाळ्यात मोजा?"

"भेगा पडल्यात. पीठ जातंय त्यात."

तिला साखरेचा आजार होता, हे मला माहीत होतं. सगळा भार दुसऱ्या पायावर टाकून ती तव्यापुढं उभी राहायची, तेही दिसत होतं. एका सकाळी ती शेजारी वाकली आणि वास आला. सडका. मला काहीच कळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण कळलं होतं. निम्मे डबे भरायचे होते, दारात रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी कांदा चिरत राहिले.

चौथ्या दिवशी तिची मुलगी सांगत आली, "अम्मीला दवाखान्यात नेलं."

पायाची दोन बोटं काढावी लागली.

भेटायला गेले तेव्हा विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"घरी बसले असते तर तू दुसरी बाई बघितली असती."

"मी कधी म्हणाले तसं?"

"नाय म्हणालीस. पण बघणार नाय, असंबी कुठं म्हणालीस?"

आवाजात राग नव्हता. मला बसता यावं म्हणून तिनं पाय जरा सरकवला.

ती बरी झाल्यावर मी तिला बोलवायला गेले. बसून लाट, म्हटलं. "बघू" म्हणाली. आली नाही.

ओट्यापाशी तो वास अजून येतो. फरशी फिनेलनं पुसली, मोरीची जाळी बदलली. नव्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "डाळ लागली का?"

तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, दुखलं-खुपलं तर घरी बसायचं, तुझी जागा कुठं जात नाही. परवा तिनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. तरी ती कारण सांगत राहिली, पाठ कशी धरली, कधीपासून धरली. मला ते ऐकवेना.