गाळसरांची बरणी

टेबलाला कोणाचा धक्का लागला की गाळसर दचकत. टेबलावर त्यांची काचेची बरणी असे: तळाशी तळ्यातला गाळ, वर पाणी. त्यावरूनच मुलींनी त्यांना हे नाव दिलेलं. ते शेजारच्या शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी आमच्या लातूरच्या मुलींच्या वसतिगृहात शिकवणीला येत. मूळचे कंधारचे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, पण त्याच्या तळाशी काय आहे, ते शेजारच्या गल्लीतलं सांगावं तसं सांगत.

"वाळू किनाऱ्यालाच बसते, बाई. लई बारीक माती तेवढी आत जाते. खोल अंधारात हजार वर्षांत नखाच्या जाडीचा थर बसतो. कोणी हलवत न्हाई म्हणून बसतो."

मी तेव्हा नवी अधीक्षक. हातात बाजाराची यादी. "सर, आधी भाजीचं बघू का?"

"बघा की. समुद्र थांबतो."

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जिल्हा नुकताच झालेला. कार्यालयांना पाट्या लागत होत्या आणि टँकरची यादी रोज बदलत होती. आमचा नंबर दर तिसऱ्या दिवशी लागायचा. एकदा टँकर पाचव्या दिवशी आला. मुली बेचाळीस, पिंप एक, आणि पाणी चहाच्या रंगाचं. किनवटकडची सुमन सकाळपासून जुलाबांनी आडवी झालेली. डॉक्टर सांगून गेले होते, उकळलेलं पाणी मीठ-साखर घालून सारखं पाजत राहा. मी फडक्यानं चार वेळा गाळून पाहिलं. रंग जाईना.

सुट्टीचा दिवस म्हणून सर दुपारीच आले होते. त्यांनी पाण्यात तुरटी फिरवली, पिंपाभोवती खडूनं रेघ ओढली आणि सांगितलं, "रेघेच्या आत कोणी यायचं न्हाई. गाळ बसू द्या. मग उकळा."

स्वयंपाकाच्या मथुरामावशी भडकल्या. "पोरींचे घसे वाळून राहिलेत, अन् तुम्ही रेघोट्या मारा!"

"एकटा कण बुडत न्हाई, मावशी. तुरटीनं ते एकमेकाला धरतात, जड होतात. समुद्रात बारीक जीव हे कण खातात, त्यांच्या लेंडीतून माती तळाला जाते."

"म्हणजे समुद्राच्या तळाला लेंड्याच?"

"हाव, बऱ्याच."

सुकलेल्या ओठांनी मुली हसल्या. तास गेला. पाण्याचा वरचा हातभर भाग निवळत आला होता. आतून सुमननं क्षीण आवाजात पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

मी रेघ ओलांडली आणि तांब्या खोल बुडवला. घाईत तो हातातून सुटला आणि तळावर आदळला. तळाचा सगळा गाळ ढगासारखा वर आला.

बेचाळीस मुलींना ज्याची वाट पाहायला लावली होती, ते मी एका क्षणात नासवलं होतं. सर सायकल काढून गेले आणि घरची घागर घेऊन आले. त्यांच्याकडे तेवढीच होती. मावशींनी त्यातलं पाणी उकळलं, गार केलं, आणि मी चमच्या-चमच्यानं सुमनला पाजलं. चौथ्या चमच्याला तिनं डोळे उघडले.

मी बाहेर आले. "सर, घरी काय प्याल?"

"मीही बसतो रेघेबाहेर," ते म्हणाले आणि मुलींच्या ओळीत शेवटी जाऊन मांडी घालून बसले. दिवस मावळला तेव्हा पाणी निवळलं. उकळून सगळ्यांना झाल्यावर त्यांनी अर्धा पेला घेतला.

सुमन आठवड्यानं उठली. वर्षभरात सरांची बदली कंधारला झाली. स्टँडवर जायला निघताना ते बरणीपाशी थांबले. "एसटीत हिचा पुन्हा चहा होईल. तुम्हीच ठेवा."

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली. नव्या अधीक्षकबाईंना चार्ज देताना मी यादीतली एकेक वस्तू वाचून दाखवत होते. त्यांनी सहज बरणी उचलायला हात पुढे केला आणि मी ओरडले, "हात लावू नका!"

त्या बिचाऱ्या घाबरल्या. मी माफी मागितली. मग यादीत पिंप, तांबे, सतरंज्या यांच्या खाली लिहिलं: काचेची बरणी, एक. हलवू नये.