पत्रुभाऊंचं पक्कं लाकूड

पत्रुभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं, तरी ते दार ठोकतच राहिले. मी "या" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मधल्या बोटाच्या पेराने त्यांनी दाराच्या फळीवर वर, मध्ये, खाली असं टकटक केलं, कान जवळ नेला आणि निदान सांगितलं, "ऐन आहे. घरमालकानं सागवान सांगतलं असंन." सांगितलं होतं. त्या सागवानाचा मला चार वर्षं अभिमान होता.

पत्रुभाऊ निवृत्त वनरक्षक. जिवतीच्या डोंगरापासून सिरोंच्यापर्यंत बदल्या भोगून ते सावलीजवळच्या आमच्या गावात परत आले होते. जंगल सुटलं, पण बोट सुटलं नाही. कुठलंही लाकूड दिसलं की ते ठोकायचे. शाळेच्या सभेत मुख्याध्यापकांचं टेबल त्यांनी सर्वांदेखत ठोकलं आणि "भुसा आहे जी, वरून कागद चिकटवला" असं सांगितलं. साहेबांनी पुढचे दोन दिवस त्या टेबलावर कोपर टेकवलं नाही. ही तपासणी ते माणसांनाही लावत. एखादा पुढारी तासभर बोलून बसला की पत्रुभाऊ माझ्या कानाशी येऊन फक्त म्हणत, "पोकर." म्हणजे पोकळ. याहून मोठी भाषणसमीक्षा मी वाचलेली नाही.

त्यांचं दुसरं वेड पंचनामा. मांजरीने दही सांडलं तरी "दोन पंच बोलवा" म्हणायचे. यमुनाबाई, त्यांची बायको, त्यावर म्हणायच्या, "पयले पुसा, मग लिवा."

आमच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या शेंडे मॅडम चंद्रपूरहून आल्या, त्या जाड टायरांची डोंगरी सायकल घेऊन. त्यांना मैदानामागच्या पडीक जागेत सायकलने उडी मारायचे दोन मातीचे ढिगारे हवे होते: एकावरून उडायचं, दुसऱ्यावर उतरायचं, मध्ये सहा फूट रिकामं. मुलींना त्या हेच शिकवणार होत्या. त्यांनी स्वतः फावड्याने ढिगारा केला. तो पहिल्याच चाकाखाली बसला. पत्रुभाऊ कुंपणापाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "माती एकटी उभी राहत नाई, मॅडम. पोटात लाकूड पाहिजे."

त्यांनी काम अंगावर घेतलं. बोडीची, म्हणजे गावतळ्याची, पार बांधलेल्या गावाचा माणूस, मातीचं त्याला काय शिकवायचं. तळाला आडवे ओंडके, दोन्ही बाजूंनी खुंट, वर मातीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसाचे ठोके. उडायच्या कडेला बाक किती द्यायचा हे मॅडम फोनवर चित्र दाखवून समजावत होत्या. पत्रुभाऊ घरी गेले आणि यमुनाबाईंचं सूप घेऊन आले. "सूप दाने कसे फेकते? तसंच तुमाले फेकू." कड सुपाच्या मापाने कोरली गेली. फक्त मधलं सहा फूट रिकामं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते रोज विचारायचे, "हे भरून टाकू काय?"

ओंडके मात्र त्यांनी उन्हाळी सुट्टीत, शाळेत कोणी नसताना, एकट्याने बसवले आणि झाकले. कुठलं लाकूड, हे कोणालाच कळलं नाही. तेवढंच करून थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण चहाच्या टपरीवर त्यांनी बाकडं ठोकून जाहीर केलं, "त्याच्या पोटात असं पक्कं लाकूड घातलं का माह्यामागं वीस वरसं हालनार नाई."

आमच्याकडे जमिनीत पुरलेल्या पक्क्या लाकडाचा एकच अर्थ होतो. चोरीचं सागवान. जुलैच्या मध्याला तक्रार गेली. चौकशीला आला तो नवा वनरक्षक गेडाम, हातात सबल, म्हणजे पहार, घेऊन. याला लाकूड ठोकायला पत्रुभाऊंनीच शिकवलं होतं. बिचारा त्यांच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भाऊ, सांगून द्या ना कोन्तं लाकूड आहे. खोदा लागनार नाई."

"ऑर्डर दाखव," पत्रुभाऊ म्हणाले.

त्यांनी ऑर्डर वाचली. तिच्यात गावाचं नाव चुकलं होतं. पंचांची नावं नव्हती. पत्रुभाऊंनी गेडामला चहा पाजला, ऑर्डरमधल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या आणि परत पाठवलं. तो दुसरी घेऊन आला. तिच्यात तारीख नव्हती. असे तीन आठवडे गेले. इकडे मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टला उद्‌घाटन ठरवून पाहुणे बोलावले होते आणि दोन ढिगाऱ्यांवर 'साहसी क्रीडा संकुल' अशी पाटी लावली होती. संकुल खोदलं गेलं तर पाटी कशावर लावायची, ही त्यांची चिंता. मॅडमची चिंता निराळी होती. एवढ्या मेहनतीवर अजून एकही उडी झाली नव्हती.

शेवटी मी पत्रुभाऊंना बाजूला घेतलं. तुम्ही चोर नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, मग का सांगत नाही, असं विचारलं. ते बराच वेळ माझ्या दाराची फळी ठोकत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, नाई सांगतलं तं चोर ठरीन. सांगतलं तं येडा ठरीन. चोराले जामीन भेटते. येड्याले नाई भेटत."

मला काहीच कळलं नाही.

बारा ऑगस्टला गेडाम बिनचूक ऑर्डर घेऊन आला. नावं, तारीख, दोन पंच, सगळं जागेवर. पत्रुभाऊंनी ती दोनदा वाचली, शिष्याकडे जरा अभिमानाने पाहिलं आणि परत केली. ते ढिगाऱ्याच्या कडेवर जाऊन बसले. खोदायचं तर त्यांना उठवायला हवं होतं, आणि उठवायला कोणी पुढे होईना. गेडाम सबल या हातातून त्या हातात घेत राहिला.

एवढ्यात यमुनाबाई पंचांसाठी चहा घेऊन आल्या. किटली खाली ठेवता ठेवता त्या ढिगाऱ्याच्या कुशीशी वाकल्या. ओंडक्याचं एक टोक मातीबाहेर राहिलं होतं आणि श्रावणाच्या झडीत त्याला हिरवेगार कोंब फुटले होते. नाजूक, गोल गोल पानं. त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं.

"अवो, हा तं माहा मुनगा आहे."

मुनगा म्हणजे पुण्या-मुंबईचा शेवगा. यमुनाबाईंनी परसात लावलेला. जूनच्या वादळात तो पडला होता आणि दुसऱ्या दिवशी अंगणातून नाहीसा झाला होता. कोणीतरी सरपणाला मागून नेला, असं पत्रुभाऊंनी त्यांना सांगितलं होतं. सरपणाला मुनगा! धूर करण्यापलीकडे त्याला काही येत नाही आणि बोटाने दाबलं तर दबतो. ज्याने जन्मभर लाकूड ठोकलं, त्याने पायाला मुनगा घातला. पंच हसून हसून ढिगाऱ्याला टेकले. गेडामने मान खाली घालून लिहायला घेतलं: 'आत सागवान नसून मुनगा असल्याचे पानांवरून पंचांसमक्ष निष्पन्न झाले.'

पत्रुभाऊ उठले. धोतर झटकलं. "म्या पक्कं म्हनलो होतो," ते म्हणाले. "मेलं म्हनलो होतो काय?"

चारही बाजूंनी जंगल, तीसेक वर्षांची नोकरी, आणि या माणसाला आपलं म्हणता येईल असं लाकूड एकच होतं. तेही बायकोचं. हे मला त्या रात्री जेवताना कळलं. त्या क्षणी मीही हसतच होतो.

पंधरा ऑगस्टला पाहुणे आले. हिरवे कोंब पाहून त्यांचा समज झाला की हे वृक्षारोपण आहे. त्यावर ते पाऊण तास बोलले. मुख्याध्यापकांनी समज दुरुस्त केला नाही, उलट त्या वर्षीच्या वृक्षारोपणाच्या अहवालात संकुलाचा फोटो पाठवून दिला. माझ्या कानाशी "पोकर" झालं. मग शेंडे मॅडमनी सायकल काढली. त्या लांबून आल्या, सुपाच्या कडेवर चढल्या आणि उडाल्या. पत्रुभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. धप्प आवाज ऐकून त्यांनी एक उघडला. मॅडम दुसऱ्या ढिगाऱ्यावरून उतरून हात हलवत होत्या. पोरी ओरडत होत्या. "सहा फूट रिकामं," पत्रुभाऊ मला म्हणाले, "भरलं असतं तं कोन पाह्यलं असतं?"

पुढच्या पावसाळ्यात ढिगारा हातभर खचला, तेव्हा मुलींनी शेजारी दोन नवे बांधले. पायात काय घालायचं हे त्यांना पत्रुभाऊंनी सांगितलं, यमुनाबाईंना विचारून. जुन्यावर मुनग्याची रांग उभी आहे. शाळेच्या खिचडीत तिच्या शेंगा पडतात.

या माघात पत्रुभाऊ गेले. सरण रचून झालं तसा गेडाम खाली बसला आणि त्याने एक ओंडका ठोकला. वर, मध्ये, खाली. "ऐन आहे," तो मला म्हणाला. यमुनाबाईंनी घरून मुनग्याची एक फांदी पाठवली होती, ती त्याने वर ठेवली. सरण भडकलं, ऐन धडाधड पेटला. फांदी मात्र बराच वेळ नुसती धुमसत राहिली.

"पक्कं आहे," गेडाम म्हणाला.